एका शब्दाचे मूळ आणि कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. शब्दाचे मात्र दोन्ही विचारावे लागतात. विचारताना घाई केली तर काय होते, याचा धडा आम्हाला आमच्याच वर्गात मिळाला. इतकी वर्षे फळ्यासमोर उभे राहून मुलांना शिकवले, पण या खेपेला शिकवणारी बाकावर होती आणि शिकणारे आम्ही होतो. हा लेख एका इंग्रजी शब्दाविषयी आहे. तसाच तो एका चुकीच्या कबुलीचाही आहे. चूक वर्गात सर्वांसमोर झाली आणि भिंतीवर रंगाने लिहिली गेली, म्हणून कबुलीही आपल्या या पत्रिकेतच द्यावी असे वाटले.

गेल्या विज्ञान दिनाला, म्हणजे २८ फेब्रुवारीला, नववीच्या मुलामुलींनी बिदरी कामावर तक्ते केले होते. एकीने घरून आजीच्या लग्नातली बिदरी अत्तरदाणी आणली होती. काळ्याभोर अंगावर चांदीची वेल, आपल्या भागात बहुतेक जुन्या घरांतून अशी एखादी वस्तू असतेच. भांडे दिसते लोखंडासारखे, पण ते असते जस्ताचे. सोळा भाग जस्त आणि एक भाग तांबे असे त्याचे प्रमाण साधारणपणे सांगितले जाते. तक्त्यावर जस्ताची मराठी, कन्नड आणि इंग्रजी नावे लिहायची म्हणून मुले ग्रंथालयातला जाडजूड इंग्रजी कोश घेऊन बसली. ‘झिंक’ तर सर्वांना ठाऊक होते. पण शोधता शोधता एका मुलाला भलताच शब्द सापडला. टी-यू-टी-ई-एन-ए-जी, टूटेनॅग. अर्थ दिला होता जस्त किंवा जस्ताचा एक मिश्रधातू. आणि व्युत्पत्तीच्या चौकटीत चक्क लिहिले होते की, हा शब्द पोर्तुगीजमधून आला आणि पोर्तुगीजमध्ये तो मराठी ‘तुत्तीनाग’ वरून गेला!

मुले पळत पळत शिक्षक खोलीत आली. खरे सांगायचे तर आम्ही मुलांपेक्षाही जास्त हरखलो. तुत्तीनाग हा शब्द आम्ही जन्मात ऐकला नव्हता. आम्ही जस्त म्हणतो, आमचे वडील जस्तच म्हणत. पण कोशात ‘मराठी’ हा शब्द छापलेला पाहिला आणि छाती फुगली. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर आम्ही सर्व शाळेला हा शब्द सांगितला. तक्त्याच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले, “इंग्रजांना जस्ताचे नाव मराठीने दिले.” प्रदर्शन पाहायला आलेल्या आमच्या एका वयोवृद्ध विश्वस्तांना ते वाक्य इतके आवडले की, त्यांनी स्वतःच्या खिशातून पैसे देऊन पेंटर बोलावला आणि शाळेच्या दर्शनी भिंतीवर, सुविचाराच्या फळ्याशेजारी, ते तैलरंगात लिहून घेतले.

त्याच आठवड्यातली गोष्ट. नववीच्या तासाला एका मुलीने हात वर केला. तिची आई जहीराबादकडची, माहेर तेलुगू. ती म्हणाली, “सर, माझे आजोबा जस्ताला तुत्तुनागमु म्हणतात. त्यांना मराठी येत नाही. मग हा शब्द मराठी कसा?”

प्रश्न सरळ होता. शिक्षकाने अशा प्रश्नाची वाट पाहायची असते. पण भिंतीवरचा रंग अजून वाळला नव्हता आणि आमचा अभिमानही ताजा होता. आम्ही म्हणालो, “छापील कोशात लिहिले आहे. तुझे आजोबा मोठे की कोश मोठा?” वर्ग हसला. ती खाली बसली. पुढे परीक्षेपर्यंत तिने आमच्या तासाला हात वर केला नाही. हे त्या वेळी आमच्या लक्षातही आले नाही, हे जास्त वाईट.

उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या एका माजी विद्यार्थ्याला आम्ही मोठ्या कौतुकाने हा शब्द सांगितला. त्याला जुन्या पुस्तकांचा नाद आहे. त्याने ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशातली पाने आमच्या मोबाईलवर पाठवली. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल या दोघांनी केलेला हा कोश १८८६ साली निघाला. इंग्रजांच्या बोलण्यात शिरलेले हिंदुस्थानी आणि पूर्वेकडचे शब्द त्यात गोळा केले आहेत. त्याच्या नावाचीही गंमत आहे. मोहरमच्या मिरवणुकीतला ‘या हसन, या हुसेन’ हा पुकारा गोऱ्या शिपायांच्या कानाला जसा ऐकू आला, तसे त्याचे ‘हॉब्सन-जॉब्सन’ झाले. आपल्या भागात सवारीपुढे चालणाऱ्यांत सर्व जातिधर्मांचे लोक असतात. त्यामुळे हे नाव आपल्याला परके वाटू नये.

तर त्या कोशात टूटेनॅगखाली जस्ताची देशी नावे एका ओळीत दिली आहेत. तमिळ तुत्तनागम, तेलुगू तुत्तुनागम, मराठी आणि गुजराती तुत्तीनाग. ती ओळ वाचली आणि मोबाईल हातातच राहिला. त्या मुलीचे आजोबा त्या ओळीत अगदी ठळक उभे होते, आमच्या शेजारी. आणि आम्ही भर वर्गात त्यांना खाली बसवले होते.

त्यानंतर मात्र आम्ही हा शब्द नीट धुंडाळला. जे हाती लागले ते विद्यार्थ्यांसाठी क्रमाने सांगतो.

इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकात शिरला, तो पोर्तुगीज ‘तुतेनागा’ वरून. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला आणि १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतले. पुढची शंभर वर्षे आपल्या किनाऱ्यावरच्या व्यापारात त्यांचा दबदबा होता. त्यांच्याकडून आपण पाव, चावी, बटाटा, पगार असे शब्द घेतले आणि आपल्या बंदरांतले शब्द ते घेऊन गेले. आता त्यांनी हा शब्द नेमका कोणाच्या तोंडून उचलला? काही इंग्रजी कोश मराठीचे नाव घेतात, काही तमिळचे. किनारा एकच होता आणि बंदरात सगळ्याच भाषा बोलणारी माणसे माल उतरवत होती. कोणा एकाच्या तोंडावर बोट ठेवणे कठीण आहे.

बरे, त्याच्याही मागे गेले तर? एक मत असे की, हा शब्द दोन संस्कृत शब्दांचा बनला आहे, तुत्थ आणि नाग. तुत्थ म्हणजे मोरचूद, तोच निळा खडा जो बागाईतदार चुन्याबरोबर द्राक्षांवर फवारतात. नाग म्हणजे इथे साप नव्हे. वैद्यांच्या रसशास्त्रात नाग म्हणजे शिसे. नागभस्म, वंगभस्म ही नावे आजी-आजोबांनी ऐकलेली असतात. दुसरे मत असे की, पहिला भाग फारसी ‘तूतिया’ आहे आणि शेवटचा ‘नाक’ हा फारसी प्रत्यय आहे. हे ऐकून विद्यार्थ्यांना हसू येईल, पण हा नाक चेहऱ्यावरचा नाही. खतरनाक, दर्दनाक या शब्दांत येतो तो. आणि गंमत अशी की, फारसी तूतियाचे नातेही संस्कृत तुत्थाशी जोडले जाते. त्याच तूतियावरून अरबी आणि लॅटिनमार्गे इंग्रजीत ‘टटी’ असा आणखी एक दुर्मिळ शब्द गेला आहे. जस्ताच्या भट्टीत धुराड्याला चिकटणारी पांढरट भुकटी, असा त्याचा अर्थ. ती पूर्वी डोळ्यांच्या औषधात वापरत. म्हणजे हा शब्द पणजोबांकडून आला की पणजीकडून, हा वाद आहेच, पण दोन्ही घराणी पुन्हा एकमेकांची सोयरी निघतात!

मग एक प्रश्न उरतो. जस्तासारख्या साध्या धातूचे नाव युरोपला बाहेरून का घ्यावे लागले? याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे. जस्त सुमारे ४२० अंश सेल्सियसला वितळते आणि ९०७ अंशांना उकळून त्याची वाफ होते. खनिजातून जस्त सुटे करायला मात्र त्याहून जास्त उष्णता लागते. त्यामुळे उघड्या भट्टीत जस्त निघते ते वाफ होऊनच, आणि हवा लागताच त्या वाफेची पांढरी राख होते. हाती धातू लागतच नाही. राजस्थानात उदयपूरजवळ झावर येथे कारागिरांनी यावर तोड काढली. त्यांनी वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी केल्या, त्यांची तोंडे खाली ठेवली आणि आच वर ठेवली. वाफ नळीतून खाली उतरून थंड जागी गोठत असे. निदान सहा-सातशे वर्षांपूर्वी हे काम तिथे मोठ्या प्रमाणावर चालू होते. १९८८ साली धातुशास्त्रज्ञांच्या एएसएम इंटरनॅशनल या अमेरिकेतील संस्थेने झावरचा ऐतिहासिक स्थळ म्हणून गौरव केला. युरोपात विल्यम चॅम्पियनने ब्रिस्टल येथे जस्त काढण्याच्या कृतीचे पेटंट १७३८ साली घेतले. तोवर युरोपला जस्त येई ते पूर्वेकडूनच, आणि त्या मालाचे नाव टूटेनॅग.

अठराव्या शतकात हा माल जास्त करून चीनच्या कँटन बंदरातून जात असे. १७४५ साली ‘गोथेबोर्ग’ नावाचे स्वीडनचे जहाज कँटनहून चहा, रेशीम, चिनी मातीची भांडी आणि टूटेनॅगच्या लाद्या घेऊन परतले आणि आपल्याच बंदराच्या तोंडाशी खडकावर आदळून बुडाले. माल चीनचा असल्यामुळे काही इंग्रजांना शब्दही चिनी वाटला. हॉब्सन-जॉब्सनच्या कर्त्यांनी त्यांची ही चूक दाखवली आहे. शिवाय तांबे, जस्त आणि निकेल यांच्या एका पांढऱ्या चिनी मिश्रधातूलाही इंग्रज टूटेनॅगच म्हणू लागले आणि इंग्लंडात त्याच्या मेणबत्तीदाण्या झाल्या. म्हणजे नाव हिंदुस्थानी, माल चिनी, वाहणारे पोर्तुगीज, स्वीडिश आणि इंग्रज. पुढे युरोपातच जस्त निघू लागले, जर्मन भाषेतून आलेला ‘झिंक’ हा शब्द रुळला आणि टूटेनॅग कोशात जाऊन पडला. आपल्याकडेही तुत्तीनाग मागे राहिला. आपण म्हणतो ते ‘जस्त’ संस्कृत यशद, जसद यांच्या घराण्यातले. जसदभस्म म्हणतात तेच हे. तमिळमध्ये मात्र जस्ताला आजही तुत्तनागमच म्हणतात. तेव्हा वारसा सांगायचाच झाला, तर शब्द सोडून बसलेल्या आम्हापेक्षा तो वापरणाऱ्यांचा हक्क मोठा नव्हे काय?

कोश मोठा की आजोबा मोठे, असे आम्ही विचारले होते. त्याचेही उत्तर त्याच हॉब्सन-जॉब्सनने दिले. त्यात आपल्या बिदरीचीही नोंद आहे आणि शब्द बीदर शहरावरून आला हे बरोबर सांगितले आहे. पण भांड्याचा धातू कोणता, तर प्यूटर, म्हणजे कथलाचा मिश्रधातू, आणि त्यात चौथा हिस्सा तांबे! बीदरच्या कोणत्याही कारखान्यातले पोर हे ऐकून हसेल. कोशकर्ते विद्वान होते, पण त्यांनी भट्टीजवळ बसून पाहिलेले नसावे. कोश आम्ही आजही डोक्यावर घेतो. मात्र कोशही माणसेच करतात, आणि ज्याच्या घरात शब्द रोज वापरला जातो त्याची साक्ष कोशाइतकीच मोलाची असते, हे आता आम्हाला कळले.

आपणही भट्टीजवळ बसून पाहावे म्हणून आम्ही एक दिवस बीदरला गेलो. चौबाऱ्याजवळच्या जुन्या वस्तीत आमच्या ओळखीचे एक उस्ताद आहेत. वय सत्तरीच्या पुढे. त्यांनी काम करत करतच आम्हाला सगळे दाखवले. माती, राळ आणि एरंडेल यांच्या साच्यात जस्त आणि तांब्याचा रस ओततात. भांडे थंड झाले की कानशीने घासून गुळगुळीत करतात. मग त्यावर मोरचुदाचे पाणी फिरवतात. पांढरट भांडे क्षणात काळे होते. हा काळा रंग तात्पुरता असतो, टोकदार सळईने नक्षी रेखता यावी आणि ती दिसावी म्हणून. नंतर नक्षी छिन्नीने कोरतात, खाचेत चांदीची तार ठोकून बसवतात आणि घासून भांडे पुन्हा पांढरे करतात. शेवटी किल्ल्यातली जुनी माती नवसागराबरोबर पाण्यात कालवून तापलेल्या भांड्याला चोळतात. ही माती वर्षानुवर्षे ऊन-पाऊस न लागलेल्या जागेची लागते. चांगली की वाईट हे जुने कारागीर जिभेवर ठेवून ओळखतात. भांडे कायमचे काळे होते आणि चांदी मात्र तशीच लखलखत राहते.

मोरचुदाची वाटी पाहून आम्ही चमकलो. तुत्थ म्हणजे मोरचूद आणि पुढे नाग हा धातू. शब्दातले दोन्ही घटक उस्तादांच्या मांडीसमोर एका पाटावर ठेवलेले होते! क्षणभर वाटले, सापडले, शब्द इथेच जन्मला, बीदरलाच. वर्षापूर्वीचे आम्ही असतो तर हेही भिंतीवर लिहून मोकळे झालो असतो. पण या खेपेला आम्ही जीभ चावली. दोन वस्तू एका पाटावर दिसल्या म्हणून त्यांच्यापासून शब्द झाला, असे सिद्ध होत नाही. योगायोग गोड असला तरी तो पुरावा नव्हे. हे वाक्य विद्यार्थ्यांनी वहीत लिहून ठेवावे, पुढे खूप ठिकाणी उपयोगी पडेल.

उठता उठता आम्ही उस्तादांना विचारले, “चाचा, ये हुनर असल में किसका?” ते चिमटा खाली ठेवून म्हणाले, “हुनर ईरान से आया बोलते, मास्टरसाब. मट्टी किले की, जस्ता बाहर का. पन बरतन तो बीदर काच है ना?” आणि पुन्हा कामाला लागले. याच बिदरीला २००६ साली भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळाली आणि २०२३ साली बीदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. कागदावरही ते भांडे बीदरचेच ठरले आहे. बाहेरून किती गोष्टी आल्या यामुळे त्याचे बीदरपण तसूभरही कमी झाले नाही.

हे सगळे घेऊन आम्ही त्या विश्वस्तांकडे गेलो. भिंतीवरचे वाक्य बदलावे लागेल, असे सांगताना आम्हाला फार जड गेले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “गुरुजी, छप्पन साली आम्ही शाळकरी होतो. एका जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा तिकडे गेले, जहीराबाद, नारायणखेड आंध्रात गेले, आणि आपण इकडे राहिलो. बहीण एका राज्यात, भाऊ दुसऱ्यात. तेव्हापासून आपली भाषा आपणच सांभाळत आलो. आता मराठीच्या वर्गातले बाकसुद्धा पूर्वीसारखे भरत नाहीत. एक शब्द सापडला होता भिंतीवर लिहायला, तोही पुसायचा? मग आपले राहिले काय?”

या प्रश्नाला आमच्याकडे तयार उत्तर नव्हते. मग ते स्वतःच हसून म्हणाले, “त्यापेक्षा मुंगूस लिहा. इंग्रजांनी मुंगूस तरी मराठीतूनच नेला ना?” कोश तसे सांगतात खरे. पण आता आम्ही शहाणे झालो होतो. आम्ही हळूच म्हणालो, “काका, कन्नडात मुंगुसी म्हणतात. तेलुगूत मुंगिस.” त्यांनी कपाळावर हात मारला आणि आम्ही दोघेही मनापासून हसलो. त्या हसण्यात अर्धा अवघडपणा गेला.

मग आम्ही त्यांना मनातले सांगितले. मराठीचे इथले नाते एका शब्दाच्या मालकीवर उभे नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा कीर्तनात लागली की ‘बेदरचा बादशहा’ येतोच. विठ्ठल महाराचे रूप घेऊन धान्याचे पैसे भरायला आला तो इथे, बेदरच्या दरबारात, असे कथा सांगते. बीदरला बेदर म्हणणारी मराठी इथल्या कथेत, जात्यावर, बाजारात पिढ्यानपिढ्या राहिली आहे. ती इथे पाहुणी नाही, तशी एकटीही नाही. आपण घरी मराठी बोलतो, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी, आणि आपल्यातल्या कितीतरी जणांचे आजोळ तेलुगू असते. तुत्तीनाग मराठीत होता, ही गोष्ट खोटी नाही. कोशांनी तो नोंदवला आहे. खोटे होते ते एवढेच की, तो फक्त आपला आहे. आपला वाटा खरा आहे. वाटा सांगितला तर कोणी हिरावून घेत नाही. सबंध शेत आपले म्हटले की मग वाटाही वादात पडतो. शेतीवाडीच्या माणसाला हे काही वेगळे समजावायला नको होते. काकांनी मान हलवली आणि म्हणाले, “पेंटरचे पैसे याही खेपेला माझे.”

राहिली ती माफी. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर आम्ही दहावीच्या वर्गात गेलो. वर्ग तोच होता, बाकही तेच. आम्ही हॉब्सन-जॉब्सनमधली ती ओळ फळ्यावर लिहिली, चारही भाषांची नावे एकाखाली एक. मग म्हणालो, “गेल्या वर्षी या वर्गात एक बरोबर प्रश्न विचारला गेला होता आणि आम्ही त्याचे चुकीचे उत्तर दिले. प्रश्न विचारणारीला हसवून खाली बसवले. चूक तिची नव्हती, तिच्या आजोबांची नव्हती, आमची होती.” वर्ग अगदी चिडीचूप झाला. ती मुलगी उभी राहिली, काय बोलावे तिला सुचेना. थोड्या वेळाने म्हणाली, “सर, हे आजोबांना सांगू का?”

आम्ही म्हणालो, “जरूर सांग. आणि त्यांना विचार, ते तांब्याला काय म्हणतात, शिशाला काय म्हणतात.” पुढच्या सोमवारी ती वहीचे एक पान भरून शब्द घेऊन आली. त्या पानावरून आमच्या वर्गात एक नवी वही सुरू झाली आहे.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, या वहीसाठी आम्हाला तुमची मदत हवी आहे. दिवाळीच्या सुटीत घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाजवळ बसा. आजी असो, पणजोबा असोत, शेजारची अम्मा असो किंवा वाडीतले चाचा असोत. धातूंची, भांड्यांची, अवजारांची, धान्याच्या मापांची नावे विचारा. ते ज्या भाषेत सांगतील त्या भाषेत, जसा उच्चार करतील तसा देवनागरीत लिहा. शब्द कोणाचा, हे ठरवण्याची घाई करू नका. कोणी सांगितला, कोणत्या गावी ऐकला, एवढे शेजारी लिहा. पालकांनीही आपल्या आठवणीतले शब्द पाठवावेत. जो शब्द आज लिहिला जाणार नाही तो ही माणसे गेल्यावर कोणत्याच कोशात सापडणार नाही. आमच्या घरातून तुत्तीनाग कधी गेला, हे आम्हाला कळलेसुद्धा नव्हते.

दर्शनी भिंतीवरचे वाक्य आता बदलले आहे. शब्दरचना दहावीच्या मुलांनीच केली, विश्वस्तांनी ती पसंत केली. शाळेत याल तेव्हा सुविचाराच्या फळ्याशेजारी जरूर वाचा.

“जस्ताला इंग्रजीत एक जुने नाव आहे टूटेनॅग. मराठी, गुजराती, तेलुगू आणि तमिळ या चारही भाषांत त्याची भावंडे आहेत.”

पेंटरने रंग देताना विचारले, “सर, आधीचे वाक्य लहान होते. हे एवढे लांब कशाला?” आम्ही म्हणालो, “घरात माणसे जास्त आहेत, म्हणून.”